हजर होण्याआधीचे एकोणीस दिवस

बुधवार, ४ तारीख. सकाळी ६.१०

कालच्या नोंदीत एक चूक राहिली आहे, ती आधी दुरुस्त करते. काल मी लिहिलं की सैन्यभरतीचं करारपत्र घरी सगळ्यांना पूर्ण वाचून दाखवलं. पूर्ण नाही. कलम नऊ सोडून. आणि कलम चार वाचलं, पण त्यातला सातचा आकडा वाचताना दोन असा वाचला गेला. दिव्याचा उजेड कमी होता.

म्हणजे घरच्यांच्या समजुतीप्रमाणे मी दोन वर्षं सैन्यात, ऑफिसात, पंख्याखाली. प्रत्यक्षात सात वर्षं, कलम नऊप्रमाणे पाठवतील तिथे, आणि पहिलं वर्षभर रजा नाही. फरक फार नाही. पाच वर्षांचा आहे.

हे खोटं बोलणं नव्हे. बोलणं वेगळं, वाचून दाखवणं वेगळं. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. पहिलीत असल्यापासून घरातला प्रत्येक कागद मीच वाचते. घरमालकाची नोटीस, विजेचं बिल, बाबांच्या गोळ्यांचं पाकीट. थोडं सौम्य करून वाचायची सवय लागली आहे. घरमालक कागदावर कसा बोलतो ते आईला कशाला ऐकवायचं?

संकल्प:
१. रोज सकाळी समोरच्या मैदानाच्या सहा फेऱ्या धावणे. (हजर झाल्यावर चौदा मिनिटांत सहा फेऱ्यांची चाचणी आहे.)
२. साखर बंद.
३. रोजनिशीत फक्त सत्य.

आज फेऱ्या नाहीत. संकल्प लिहिण्यात वेळ गेला.

गुरुवार, ५

घरच्यांच्या प्रतिक्रिया नोंदवायच्या राहिल्या. आईने आनंदाने होकार दिला. म्हणजे बरं म्हणाली आणि चादरीची घडी घालत राहिली. ती मुळात कमी बोलते. बाबा म्हणाले, बघ बाई. बाबा गोदामात पोती उचलतात, घरी आल्यावर शब्द उचलायची ताकद उरत नाही.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. आमच्याकडची सगळी मतं तिच्याकडेच राहतात. ती म्हणाली, सैन्यात? ही? झुरळ दिसलं की स्टुलावर चढून बाकीच्यांना सूचना देते. शत्रूला आधीच कळवा म्हणावं, येताना स्टूल घेऊन ये.

आत्याची दुःख लपवायची ही पद्धत आहे.

शुक्रवार, ६. सकाळी ७.३०

सुरुवात झाली! चार फेऱ्या. दम लागला नाही. या गतीने बुधवारपर्यंत सहा आणि सोमवारपर्यंत बारा होतील. जास्त झाल्या तर काय करायचं याचा विचार करावा लागेल.

चहा साखरेशिवाय प्यायले. औषध म्हणून एक चमचा घातली.

शनिवार, ७

दुकानात राजीनामा दिला. मी कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर असते. कपडा घ्यायचा, नंबराची कापडी पट्टी टाचायची, वहीत डाग लिहायचे. माझ्याइतकं नीट कोणी लिहीत नाही. आजचीच नोंद: "पांढरा शर्ट, डाव्या बाहीवर कोपरापासून चार बोटं खाली फिकट तपकिरी डाग, बहुधा चहा, गिऱ्हाइकाच्या मते शाई, डागाबद्दल बोलताना गिऱ्हाईक नजर चुकवत होतं." मालकीणबाई म्हणाल्या, तू कपडे घेतेस का पंचनामा करतेस? मागे रांग लागलीय बघ दारापर्यंत.

राजीनामा त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, अठरापर्यंत ये. दुकान किमान सहा महिने सावरणार नाही असं दिसतं. मला अपराधी वाटलं.

फेऱ्या नाहीत. भावनिक दिवस होता.

रविवार, ८

मोठं काम हातात घेतलं आहे. "माझ्यामागे घर कसे चालवावे." वही केली. घरात कोणाला वाचता येत नसल्यामुळे सगळं चित्रांत. बाबांच्या सकाळच्या गोळीसाठी सूर्य, रात्रीच्या गोळीसाठी चंद्र. विजेच्या बिलासाठी दिवा, पाण्याच्या बिलासाठी नळ. घरमालकाच्या नोटिशीसाठी रागावलेलं तोंड. आईला समोर बसवून दोन तास शिकवलं. ती प्रत्येक चित्रावर बोट ठेवून मान डोलवत होती. नळाला ती आधी हत्ती म्हणाली, पण मी धीर सोडला नाही.

आईकडे पाहून वाटलं, ही माझ्याशिवाय कशी निभावणार?

सोमवार, ९. दुपारी

भरती कार्यालयात गेले. एक खोली, तीन खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या सैनिकाचं पोस्टर, त्याचा एक कोपरा सुटून त्याच्याच कपाळावर आलेला. भरतीसाहेब फार सज्जन. माझा अर्ज त्यांनी आत्तापर्यंतचा सर्वांत सविस्तर अर्ज म्हणून शेजारच्या टेबलावरच्यांना दाखवला. "पूर्वीचे आजार" या रकान्यात मी पुरवणी जोडली होती.

मी विचारलं, चाचणीत सहा फेऱ्या झाल्या नाहीत तर? ते म्हणाले, अहो ताई, पळायचं काय घेऊन बसलात, तिथे सगळे शिकतात. तुम्ही फक्त वेळेवर या.

यावरून मी असं समजले की चाचणीत नापास झालेल्याला सन्मानाने घरी पाठवतात. तशी वेळ येणार नाही. माहिती असलेली बरी.

दुसरी माहिती: वीस तारखेला, शुक्रवारी, दुपारी चारपर्यंत लेखी कारण देऊन माघार घेता येते. दंड नाही. अर्जाचा कोरा नमुना मागून घेतला. दुसऱ्या कोणाला लागला तर असावा.

तिसरी: मी एकवीसच्या आत असल्यामुळे आई किंवा वडिलांनी सोळा तारखेला साहेबांसमोर सही किंवा अंगठा द्यायचा. बाबांना गोदामातून सुटी मिळणार नाही, म्हणजे आई. करार तिथेच पालकाला वाचून दाखवतात का, असं मी घसा साफ करत विचारलं. साहेब म्हणाले, ते तुमचं काम, उमेदवाराचं.

जीव भांड्यात पडला.

मंगळवार, १०

विचित्र प्रकार. आज मागची पानं चाळत होते. शुक्रवारच्या नोंदीत "चार फेऱ्या" आहे तिथे चारवर पेन्सिलीने रेघ मारलेली आणि बाजूला लिहिलं आहे, "दोन. दुसरी चालत."

माझ्या वहीत. पेन्सिलीने. अक्षर मोठं, सुटं सुटं, पहिलीतल्या मुलाने गिरवावं तसं.

घाईने निष्कर्ष काढायचे नाहीत. बाबांना वाचता येत नाही. आत्याला येत नाही. आई अंगठा देते. राहिले मी. म्हणजे हे मीच, थकव्यात, नकळत लिहिलेलं असणार. मन किती शिस्तीचं झालं आहे! अजून भरती झाले नाही आणि अंतर्मन पहारा देतंय.

तरी दोन हा आकडा अंतर्मनाने कमीच धरला आहे. अडीच होत्या.

गुरुवार, १२. सकाळी ६.४०

अंतर्मनाने पुन्हा हात फिरवला. पाच तारखेला मी लिहिलं होतं, "आईने आनंदाने होकार दिला." त्यातल्या आनंदाने या शब्दाखाली रेघ. बाजूला: "आनंदाने नाही."

वही खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं. मग लक्षात आलं की मला घरच्यांची फार काळजी लागली आहे आणि ती अशी बाहेर पडते. संवेदनशील माणसांचं असं होतं. यापुढे झोपताना पेन्सिल उशाशी ठेवणार नाही. (ठेवत नव्हतेच.)

फेऱ्या: मैदान ओलं. म्हणजे एका कोपऱ्यात.

शनिवार, १४

जेवताना मुद्दाम विषय काढला. म्हणाले, एकोणिसाव्या वर्षी घर सोडणं मोठी गोष्ट आहे, कोणाला काही बोलायचं असेल तर आत्ताच बोला, मी ऐकून घेईन. मग गप्प बसले, म्हणजे त्यांना जागा मिळावी.

बाबा म्हणाले, मीठ दे.

आत्या म्हणाली, तुझी खाट रिकामी झाली की मी खिडकीपाशी सरकीन म्हणते, इथे वारा लागत नाही.

 आईने माझ्या ताटात वाढलं.

यांना धक्का बसला आहे. कोणी एक जण जरी थांब म्हणाला असता तरी मी विचार केला असता. थांबले नसते. पण विचार नक्की केला असता. माणसाने निदान म्हणावं.

रविवार, १५

उद्याची तयारी. सहा फेऱ्यांना उद्यापासून खरी सुरुवात. आईला सांगितलं, साहेब काही विचारतील तर हो म्हण, बाकी मी आहे. अंगठा कसा टेकवायचा तेही दाखवलं, शाई पसरू नये म्हणून. ती म्हणाली, तू आहेस ना.

सोमवार, १६. संध्याकाळी

 क्रमाने लिहिते.

दहा वाजता पोहोचलो. आई इस्त्रीची साडी नेसून आली होती. साहेबांनी करारपत्र पुढे सरकवलं आणि स्टँपपॅड उघडला. मी अंगठ्यासाठी आईचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. करारपत्र उचलून जवळ नेलं, मग थोडं लांब धरलं, आणि ओठ हलवत वाचू लागली.

मला वाटलं, साहेबांसमोर लाज नको म्हणून नाटक करते आहे. मी हळूच म्हणाले, आई, उलटं नाही ना धरलंस?

ती दुसऱ्या पानावर गेली. बोट ठेवलं. साहेबांना म्हणाली, हे कलम चार. इथे सात लिहिलंय. घरी मला दोन ऐकू आलं होतं.

साहेब माझ्याकडे बघायला लागले. पोस्टरमधला सैनिकसुद्धा.

मग ती म्हणाली, आणि नऊ आलंच नव्हतं. आठानंतर एकदम दहा आलं. मला वाटलं, सरकारी कागद आहे, असेल तसंच.

मी उजेडाचं सांगायला गेले. आई म्हणाली, इथे उजेड चांगला आहे. वाच. चार आणि नऊ. सात असेल तिथे सात म्हण.

मी वाचलं. मोठ्याने. सात म्हणाले. रजा नाही, पाठवतील तिथे, सगळं म्हणाले. माझा आवाज मलाच शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. एक मात्र खरं सांगते, कारण संकल्प तीन आहे: वाचताना मला बरं वाटत होतं. सात ऐकल्यावर आई सही करणार नाही. ती नाही म्हणेल, मी रडेन, दोघी घरी जाऊ. माझा दोष काहीच राहणार नाही.

आईने विचारलं, जायचं आहे?

साहेब बघत होते. मी म्हणाले, हो! फार मोठ्याने निघालं. उमेदवारासारखं.

आईने स्टँपपॅड बाजूला सरकवला, साहेबांचं पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव. वडिलांच्या घरचं आधी, मग आमचं. वेळ लागला. साहेब उठून उभे राहिले होते, का ते त्यांनाही माहीत नसावं.

निघताना धीर करून विचारलं, चाचणीत नापास झाले तर घरी कधी सोडतात? साहेब म्हणाले, घरी? छे! नापास होणाऱ्यांची वेगळी तुकडी असते. पास होईपर्यंत पळवतात. आम्ही कोणाला असं वाऱ्यावर सोडत नाही, ताई.

म्हणजे हा माणूसही माझ्यासारखाच, सौम्य करून सांगणारा.

मंगळवार, १७

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी जाब विचारला. कधीपासून?

आई म्हणाली, तू पहिलीत मोठ्याने वाचायचीस, मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायचे. तू दुसरीत गेलीस, मीही गेले.

मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं अंगठा?

ती म्हणाली, तुला किती अप्रूप होतं वाचून दाखवायचं. आणि तू वाचलंस की कागद बरा व्हायचा गं. घरमालकाची नोटीस तू वाचायचीस ती विनंती वाटायची. मी मागाहून खरी वाचून ठेवायचे.

मी म्हणाले, आणि ती चित्रांची वही? दोन तास? हत्ती?

ती म्हणाली, तो नळ हत्तीसारखाच होता.

बाबांना विचारलं. बाबांना माहीत होतं! आयुष्यातलं सर्वांत लांब वाक्य ते आज बोलले: आमचं ठरलं होतं, तुला सांगायचं नाही, तू हिरमुसली असतीस. आत्यालाही माहीत होतं. तू दुकानात गेलीस की ही मला पेपर वाचून दाखवते, म्हणाली. तुझ्यासारखी मध्येमध्ये थांबून समजावत बसत नाही.

म्हणजे एक आख्खं घर बारा वर्षं माझ्यासमोर निरक्षर बसलं होतं. मी यांच्यासाठी घसा कोरडा केला. परीक्षेच्या दिवशी पाण्याचं बिल वाचून दाखवून मग पेपर लिहायला गेले. विश्वासघात हा शब्द मी जपून वापरते. आज वापरते.

माझी रोजनिशी वाचतेस तेही चूकच, असं मी म्हणाले. ती म्हणाली, चूक आहे. गादी झटकताना पडली, उघडी पडली, मग राहवलं नाही. खोटं होतं तेवढ्यावरच रेघ मारली. गॅलरीत कपडे वाळत घालताना मैदान दिसतं.

आणि "आनंदाने नाही"?

होकार दिला, म्हणाली. आनंदाने नाही दिला. कोणती आई देईल?

मी रागावून उठले.

आई, हे वाचत असशील तर वाचू नकोस.

बुधवार, १८. संध्याकाळी

रागाच्या भरात एक गोष्ट स्पष्ट झाली. मी जाऊ शकत नाही. ज्या घरात एकमेकांशी इतकं लपवून वागतात ते घर असं सोडून जाणं बेजबाबदारपणाचं आहे. शिवाय दुकान. मालकीणबाईंचा विचार करायला हवा. माघारीचा अर्ज काढून ठेवला. भित्रेपणा नव्हे, कर्तव्य.

दुकानात शेवटचा दिवस. मी सांगणारच होते की काळजी करू नका, मी राहते आहे. त्याआधी मालकीणबाईच म्हणाल्या, चल, तुझ्या जागी माणूस मिळालं. सोमवारपासून. चार दिवस येऊन काम बघून गेली, तू कपडे पोचवायला बाहेर जायचीस तेव्हा. अक्षर मोठं आहे पण लिहिते दोन शब्दांत. "बाही. चहा." झालं! रांग नाही, भांडण नाही.

मी विचारलं, कोण?

त्या म्हणाल्या, अगं, तुला घरी सांगितलं नाही?

वहीत पाहिलं. मोठं, सुटं सुटं अक्षर.

गुरुवार, १९

आईशी बोलले नाही. म्हणजे दिवसभरात तीनदाच बोलले. तिसऱ्यांदा म्हणाले, माझी नोकरीसुद्धा?

ती म्हणाली, तू सोडलीस ना? तू गेल्यावर दिवसभर इथे बसून काय करू? आत्याबाईंचा पेपर दुपारपर्यंत संपतो.

मग म्हणाली, मी काय म्हणावं असं तुला वाटतं, ते एकदा लिहून दे. वाचून दाखवते.

मी म्हणाले, मला काही वाटत नाही.

उद्या अकरा वाजता अर्ज देणार. ठरलं.

शुक्रवार, २०. दुपारी ४.२०. भरती कार्यालयाबाहेरच्या बाकावरून

अकराला आले. आत गेले नाही, कारण एक रकाना भरायचा राहिला होता. "माघारीचे कारण (स्वतःच्या हस्ताक्षरात, सत्य)."

प्रथम लिहिलं, घरची जबाबदारी. खोडलं. घरचे सोमवारपासून नोकरीला लागत आहेत. मग लिहिलं, प्रकृती. यांच्याच डॉक्टरांनी तपासून उत्तम लिहिलं आहे, पुरवणी वाचून हसून लिहिलं आहे. खोडलं. मग लिहिलं, विचार बदलला. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं तर मी जायचा विचार कधी केलाच नव्हता. मी फक्त एवढाच विचार केला होता की मी जाते म्हटल्यावर घरात काय होईल. जो केलाच नाही तो बदलणार काय? खोडलं.

मग एकच कारण उरलं. दोन शब्दांचं. आईने सहज लिहिलं असतं.

अडीचला लिहायला घेतलं. भी लिहिलं. साहेब चहासाठी बाहेर आले, म्हणाले, काय ताई, आजपासूनच हजर? मी कागद उलटा केला. साडेतीनला पुन्हा घेतलं. हे वाक्य मी या वहीत लिहू शकते, इथे आता लपवण्यासारखं कोणी उरलं नाही: मला भीती वाटते. फार. पण तो कागद साहेबांच्या हातात द्यायचा, ते मोठ्याने वाचणार, शेजारच्या टेबलावर दाखवणार, ते माझ्याच्याने होईना. आणि रकान्यात सत्य असं छापलेलं असताना दुसरं काही लिहवेना.

चार वाजता शिपायाने आतून कडी लावली.

तर एक भी लिहिलेला, तीन ठिकाणी खोडलेला अर्ज पर्समध्ये आहे आणि मी सैन्यात आहे. इतर लोक देशासाठी जातात, काही पोटासाठी जातात. मी एक रकाना भरता आला नाही म्हणून जाते आहे.

हजर होण्याचा दिवस: सोमवार, तेवीस तारीख, सकाळी सहा पन्नास, दक्षिणेकडचं गेट.